गादी बदलायची तारीख घेण्याआधी

पत्राचा सारांश : पंचवटीत राहणारे हे वाचक ४१ वर्षांचे आहेत आणि अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतात. सव्वा वर्षापासून कंबर दुखते आहे. सकाळी सेफ्टी शूजची लेस पत्नी बांधून देते. दुसऱ्या पाळीत कधीकधी स्टोअरच्या मागे पुठ्ठा टाकून पाच मिनिटं आडवं व्हावं लागतं. दुखणं कंबरेत आणि अधूनमधून डाव्या कुल्ल्यापर्यंत असतं. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा नाही. एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या गाद्यांपैकी (डिस्क) सगळ्यात खालची (एल ५-एस १) झिजलेली आणि तिच्या वरची थोडी फुगलेली दिसते. मुंबईच्या एका सर्जननी कृत्रिम डिस्क बसवायला सांगितलं, नाशिकच्या दुसऱ्यांनी मणके जोडून टाकायला सांगितलं, तिसऱ्यांनी ‘व्यायाम करा’ म्हणून परत पाठवलं. फिजिओथेरपीच्या दहा सिटिंग झाल्या, फरक पडला नाही. पगार २१ हजारांच्या पुढे गेल्याने ईएसआय सुटलं आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये सगळा खर्च बसत नाही. मोठा भाऊ निफाडकडची वाटणीची अर्धा एकर द्राक्षबाग विकायला तयार आहे. महिनाअखेर नाव नोंदवलं तर पॅकेज स्वस्तात पडेल, असं रुग्णालयाकडून कळलं आहे. पत्नी म्हणते करून टाका, आई म्हणते पाठीला सुरी लावू नको. ते विचारतात : “आमच्याकडे बेअरिंग गेलं की बदलतात, चर्चा करत बसत नाहीत. मग मी कशाची वाट बघतोय?”

नमस्कार,

तुमचं दुखणं खरं आहे, आणि ऑपरेशनचा विचार मनात येणं यात चुकीचं काही नाही. सव्वा वर्ष कंबर धरून पाळ्या भरणाऱ्या माणसाला कुणी ‘सहन करा’ म्हणू नये. मीही म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचा एमआरआय वाचणं माझं काम नव्हे. पण पत्र दोन-तीनदा वाचल्यावर माझं मत असं झालं की तुम्ही या महिन्यात तारीख घेऊ नये. का, ते सविस्तर सांगते.

तुमच्या बेअरिंगपासूनच सुरुवात करू. मशीनला आवाज येतो, तुम्ही बेअरिंग उघडता, ते गेलेलं दिसतं, नवं घालता, आवाज थांबतो. तो आवाज त्याच बेअरिंगचा होता याची तुम्हाला खात्री असते. पाठीच्या बाबतीत ही खात्री मिळवणंच सगळ्यात कठीण असतं. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ लोकांचे कमरेचे एमआरआय काढले होते. यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती, तरी निम्म्याहून अधिक जणांत कुठली ना कुठली गादी फुगलेली सापडली. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. तिच्यानुसार कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीच्या लोकांत ६८ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात आणि ५० टक्के जणांच्या फुगलेल्या. तुमच्या शेजारच्या मशीनवर तुमच्याच वयाचा जो माणूस मजेत काम करतोय, त्याचा रिपोर्ट कदाचित तुमच्यासारखाच येईल.

याचा अर्थ तुमची गादी निर्दोष आहे असा नाही. झिजलेल्या गादीमुळेच कंबर दुखणारे रुग्ण असतातच. पण रिपोर्टमध्ये ‘झीज’ लिहिली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान सांधे असतात, ते दुखतात. कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि खुब्याचं हाड जिथे जुळतात तो सांधा दुखतो, आणि त्याचं दुखणं अनेकदा एका बाजूच्या कुल्ल्यात उतरतं. तुमचंही डावीकडे उतरतं. त्या सांध्याची तपासणी कुणी केली का? पाय वाकवून, दाबून बघण्याची ती साधी हाताने करायची तपासणी आहे. पत्रात तिचा उल्लेख नाही. तिन्ही डॉक्टरांनी फिल्म बघितली एवढंच तुम्ही लिहिलं आहे.

आणखी एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दिवाळीत आठवडाभर दिंडोरीकडे सासुरवाडीला होतात, तेव्हा दुखणं ‘निम्म्यावर’ आलं आणि गोळीही दोनदाच लागली. मला हे वाक्य एमआरआयइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्या आठवड्यात गादी काही भरून आली नव्हती. बदललं ते बाकीचं : मोटरसायकल नव्हती, रात्रपाळी नव्हती, झोप पुरी झाली, बागेत फिरणं झालं, आणि ‘आमच्या लाइनवरचे चौघे कमी केले, पुढे कोण’ ही रोजची धास्ती आठवडाभर नजरेआड झाली. दुखणं मनाचं आहे असं मी म्हणत नाही. कमी झोप, सततची भीती आणि तीच ती ओझी यांनी मेंदू आणि नसा जास्त संवेदनशील होतात आणि तेवढ्याच झिजेचं दुखणं जास्त जाणवतं. सव्वा वर्षाच्या दुखण्यात हा भाग बहुतेकदा असतो. तो कोणत्याही डिस्कने बदलता येत नाही, पण दुसऱ्या मार्गांनी बराच बदलतो.

आता साडूंबद्दल. पुण्यात त्यांचं ‘गादीचं ऑपरेशन’ झालं आणि तिसऱ्या दिवशी ते चालायला लागले, म्हणून तुम्हाला धीर आला. पण त्यांचं नेमकं काय झालं ते विचारा. गादीचा तुकडा बाहेर येऊन पायाची नस दाबत असेल तर तेवढा तुकडा काढतात. हे छोटं ऑपरेशन असतं आणि पायातली कळ त्याने लवकर थांबते. दुसरं ऑपरेशन म्हणजे प्लेट-स्क्रू घालून दोन मणके कायमचे जोडणं, फ्यूजन. आणि तिसरं, तुम्हाला सुचवलेलं : आख्खी गादी काढून तिथे धातूच्या दोन चकत्या आणि मध्ये बहुधा पॉलिथिलीनचा गाभा असलेली कृत्रिम डिस्क बसवणं. लोक या तिन्हींना एकच नाव देतात. शिवाय मानेतली डिस्क बदलणं हे आणखी वेगळं प्रकरण आहे. तिथले निकाल कमरेला लावून चालत नाहीत. साडूंच्या पायात कळ होती आणि त्यांचा तुकडा काढला असेल, तर त्यांच्या अनुभवावरून तुमच्याबद्दल काहीच ठरवता येणार नाही, कारण तुमची नस दबलेलीच नाही.

आईंना सांगा, या ऑपरेशनमध्ये पाठीला सुरी लागतच नाही. कमरेची डिस्क पोटाकडून बसवतात. आतडी बाजूला धरून, पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या हळूच सरकवून मणक्यापर्यंत पोचावं लागतं. म्हणूनच अशा वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन हाताशी आहेत ना, हे विचारायचं असतं. पुरुषांत त्या भागातल्या बारीक नसांना इजा झाली तर वीर्य बाहेर न पडता मूत्राशयाकडे उलट जाण्याचा त्रास होऊ शकतो. क्वचित होतो, पण ऑपरेशनआधी तुम्हाला तो सांगितला गेला पाहिजे. आणि पुढे डिस्क सरकली, हाडात रुतली किंवा दुखणं तसंच राहिलं म्हणून पुन्हा त्याच वाटेने जायची वेळ आली, तर रक्तवाहिन्यांभोवती व्रण धरलेले असतात. ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूपच धोक्याचं असतं. म्हणून मी घाई नको म्हणते. ऑपरेशन चार-सहा महिन्यांनीही करता येतं. एकदा केलेलं मात्र पुसून टाकता येत नाही.

या डिस्कला आता बराच इतिहास आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९८० च्या दशकात ती पहिल्यांदा तयार झाली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या डॉक्टर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची सुवर्णपदकं जिंकलेल्या खेळाडू होत्या. लवचीक पाठीची किंमत त्यांना वेगळी सांगायला नको. अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली ती अटींवर : एकाच पातळीवरची गादी, आणि आधी किमान सहा महिने शस्त्रक्रियेशिवायचे उपचार करूनही फरक न पडलेला रुग्ण.

आणि तुमच्या प्रश्नाशी अगदी जुळणारा एक अभ्यास नॉर्वेत झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाहून अधिक काळ कंबर दुखणारे, खालच्या एक-दोन गाद्या झिजलेले १७३ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला डिस्क बसवली. दुसऱ्या गटाला तीन ते पाच आठवड्यांत सुमारे ६० तास पुनर्वसन दिलं : व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणं, वाकायची-उचलायची भीती घालवणं. दोन वर्षांनी दोन्ही गट सुधारलेले होते. ऑपरेशनचा गट अधिक सुधारला, पण शंभराच्या मोजपट्टीवर फरक होता ८.४ गुणांचा, आणि ‘रुग्णाला जाणवेल इतका फरक’ म्हणून संशोधकांनी आधीच ठरवलेली रेषा होती १० गुणांची. म्हणजे ऑपरेशन कुचकामी ठरलं नाही, पण आखून दिलेल्या मेहनतीने त्याच्या बऱ्याच जवळ जाता आलं, तेही पोट न उघडता. ते ६० तास तुमच्या दहा सिटिंगशी ताडून बघा.

कारण त्या दहा सिटिंगमध्ये काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे : पालथं झोपवून शेक, मशीनच्या मुंग्या, कमरेला वजन लावून ताण, आणि शेवटी एका कागदावर छापलेले चार व्यायाम. याने तात्पुरतं बरं वाटतं. पाठ मजबूत होत नाही. ‘फिजिओ करून झालं’ असं तुम्ही धरून चाललात आणि त्यावरच ऑपरेशनचा निर्णय उभा केलात. माझ्या मते ते अजून सुरूच झालेलं नाही. ज्यांनी ‘व्यायाम करा’ म्हणून परत पाठवलं, त्यांचं निदान कदाचित बरोबर होतं. पण काय, किती, कुणाच्या देखरेखीखाली हे न सांगता पाठवणं म्हणजे औषधाचं नाव न लिहिता चिठ्ठी देण्यासारखं झालं.

मग करायचं काय? असा फिजिओथेरपिस्ट शोधा जो तुम्हाला झोपवून ठेवणार नाही, उभं करून वाकायला, उचलायला, ओढायला शिकवेल आणि दर आठवड्याला भार थोडा वाढवेल. पहिल्या भेटीतच विचारा : बारा आठवड्यांनी मी किती किलो उचलू शकेन असं आपण ठरवायचं? जो या प्रश्नावर वही उघडेल त्याच्याकडे जा. शहरातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीत आणि आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. घरी रोजचं चालणं धरा. तपोवन तुम्हाला जवळ आहे. सकाळी दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. सुरुवातीला थोडं दुखेल. दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं पुन्हा मूळ पातळीवर येत असेल तर पुढे जायला हरकत नसते. कमरेचा पट्टा दिवसभर बांधू नका, आणि दुखणं उसळलं तरी एक-दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरू नका.

आणि ‘गादी बसवून देतो’ म्हणणाऱ्या कुणाकडूनही पाठीला हिसका देऊन घेऊ नका.

कारखान्यातलं बघू. कच्चे जॉब, म्हणजे घडवायचे धातूचे तुकडे, जमिनीवरच्या पॅलेटवर येतात, आणि मशीनमध्ये ते घट्ट पकडणारा चक छातीच्या उंचीवर. तुम्ही कमरेत वाकता, अठरा-वीस किलोचा जॉब उचलता, आणि उभं राहता राहताच वळून तो चकमध्ये धरता, पाळीभर हेच. वाकणं, ओझं आणि पीळ तिन्ही एकदम पाठीवर येतात. नवी डिस्क घालूनही तुम्ही याच जागी परत येणार आहात. पॅलेटच्या खाली दोन रिकामे पॅलेट रचले तर उंची गुडघ्यापाशी येते, आणि पॅलेट मशीनच्या बाजूऐवजी समोर ठेवला तर पाय उचलून वळता येतं, कमरेला पीळ बसत नाही. सुपरवायझरकडे आधी हेच मागा, यात कंपनीचा खर्च जवळजवळ शून्य आहे. पुढे कंबरेइतकं टेबल किंवा ओझं उचलणारी छोटी होइस्ट. डॉक्टरांकडून ‘तीन महिने जमिनीवरून जड उचलणं टाळावं’ असं लेखी आणा, म्हणजे तुमचं म्हणणं तक्रार वाटणार नाही.

मोटरसायकलही तेवढीच नडते. पंचवटीहून द्वारका, मुंबई नाका करत अंबड, त्यात खड्डे आणि रात्री परतताना घाई. तीन महिन्यांसाठी कंपनीची बस धरा, मग ती वीस मिनिटं लवकर निघत असली तरी.

रोज दुखण्याची एक गोळी मेडिकलमधून आणून घेता असं लिहिलं आहे. अशा गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. डॉक्टरांना दाखवून रक्ताची तपासणी करून घ्या आणि गोळी कशी कमी करायची ते ठरवा. तुम्ही तंबाखू मळता, त्याबद्दलही स्पष्ट बोलते. सिगारेट ओढणाऱ्यांत मणके जोडण्याचं ऑपरेशन नीट न जुळण्याचा धोका वाढतो, आणि निकोटिन मळून घेतलं तरी रक्तातच जातं. पुढे कुठलंही ऑपरेशन करायचं ठरलं तरी तंबाखू आधी सुटलेली हवी.

बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. ‘ऑस्वेस्ट्री’ नावाची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते. बसणं, उभं राहणं, उचलणं, झोप, प्रवास यांत किती अडतं ते ती शंभराच्या मापात सांगते. नॉर्वेच्या अभ्यासात तीच वापरली होती आणि ती मराठीतही मिळते. आज भरून ठेवा, फिजिओकडे द्या, नंतर पुन्हा भरा. आकडा चांगला खाली आला असेल तर तोच रस्ता आणखी तीन महिने. सहा महिने मनापासून करूनही आकडा हलला नाही, तर डिस्कचा विचार पुन्हा करा आणि तेव्हा मन घट्ट करून करा. तुमचं वय त्या ऑपरेशनला सोयीचं आहे, आणि नस दबलेली नसणं हेही त्याच्या बाजूचं आहे.

तेव्हा सर्जनना विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवा. माझं दुखणं याच गादीचं आहे हे कशावरून ठरवलं? पाठीमागचे लहान सांधे झिजलेले नाहीत ना? कारण ते झिजलेले असतील तर डिस्क बदलून दुखणं राहतं. वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेत मणका सरकत नाही ना, हाडं ठिसूळ नाहीत ना? वरची गादीही फुगलेली आहे, मग एकच बदलून भागेल का? त्यांनी स्वतः अशा किती डिस्क बसवल्या, त्यातल्या किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं? दुखणं पूर्ण जाईल की निम्मं? फ्यूजनशी तुलना केलेल्या चाचण्यांत कृत्रिम डिस्क मागे पडली नाही आणि हालचालही राहते, त्यामुळे मुंबईच्या आणि नाशिकच्या सर्जनमध्ये एक बरोबर आणि दुसरा चूक असा हिशेब मांडू नका. दोघांनाही हेच प्रश्न विचारा. जे शांतपणे उत्तर देतील आणि ‘तुम्ही आधी सहा महिने प्रयत्न करा’ म्हणायला कचरणार नाहीत, त्यांच्या टेबलावर झोपायला हरकत नाही.

एवढ्या काळात काही लक्षणं दिसली तर मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, तर त्याच रात्री सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. तिथे तास मोजले जातात. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी आणि कुशी बदलूनही न थांबणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा दुसरं काही नाही ना, हे लगेच तपासून घ्या.

पत्नी ‘करून टाका’ म्हणते ती रोज सकाळी खाली बसून लेस बांधते म्हणून. तिला फिजिओच्या पहिल्या भेटीला सोबत न्या. तुम्ही हातावर हात धरून बसलेला नाहीत हे तिने बघितलं तर सहा महिने तिलाही पटतील. नोकरीच्या धास्तीबद्दलही तिच्याशी एकदा उघड बोला. पत्रात तुम्ही ते कंसात टाकलं आहे.

रुग्णालयाला फोन करून तारीख पुढे ढकला. ज्या ऑपरेशनची गरज सहा महिन्यांनीही तेवढीच असेल, त्याला महिनाअखेरची सवलत कशाला हवी? खर्चाचं अंदाजपत्रक मात्र आत्ताच लेखी मागा, त्यात डिस्कची किंमत आणि कंपनीचं नाव, रक्तवाहिन्यांच्या सर्जनची फी, खोली आणि औषधं वेगवेगळी लिहून घ्या. मेडिक्लेमवाल्यांना ते दाखवलं की किती मंजूर होईल ते आधीच कळेल. आणि भावाला आजच सांगा की बागेच्या गिऱ्हाइकाला शब्द देऊ नको. कंपनीच्या बससाठी अर्ज सोमवारी देऊन टाका.